गहू तीन रात्री भिजतो

भिजल्या गव्हाला तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो तो आला, आणि पाणी बदलता बदलता मी मोरीच्या कठड्यावरच बसले. आत्यांना जाऊन पंधरा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत रडले नव्हते असं नाही, पण ते चारचौघांत, कुणाच्या तरी गळ्यात पडून. हा वास आम्हा दोघींचा होता. दर चैत्रात, कुरडयांचा गहू भिजला की, पहाटे मी मोरीत पातेलं तिरकं धरून उभी असायची आणि मागून आत्या म्हणायच्या, "पाणी ओत गं, गहू नको ओतू."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे, निफाडच्या बाजूला, सासूला आत्या म्हणतात. २००२च्या मे महिन्यात मी मुंबईहून, लालबागच्या दीड खोलीतून या घरात आले. माझ्या माहेरी वाळवण म्हणजे गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे. पापड-कुरडया आई दुकानातून आणायची. इथं जिन्यावरून गच्चीत गेले तर माझ्या माहेरासारखी चार घरं मावतील एवढं ऊन पसरलेलं. आत्या म्हणाल्या, "हे आपलं शेत समज. यात कुरडया पिकतात."

आत्यांचं आयुष्य सोपं गेलं नव्हतं. मामंजी गेले तेव्हा तिन्ही पोरं लहान होती. शेत दीड एकर, तेही भावकीत अडकलेलं. लासलगावच्या खळ्यांवर कांदा निवडायला जाऊन त्यांनी तिघांना वाढवलं, शिकवलं. कांद्याच्या धुरळ्यानं त्यांना कायमचा खोकला जडला होता. पण त्या दिवसांबद्दल त्या बोलायच्या ते एवढंच, की दुपारच्या भाकरीला तोंडी लावायला कांदा फुकट मिळायचा.

जानेवारी २०२४मध्ये, पौषातल्या थंडीत त्या गेल्या. आमच्याकडची थंडी राज्याला ठाऊक आहे. पारा घसरला की पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापून येतो. त्या थंडीला आत्या कधी नावं ठेवायच्या नाहीत. "ही थंडी आपली नाही, गव्हाची आहे," म्हणायच्या. त्या गेल्या त्या दिवशी शिवारातला गहू ओंबीवर होता. चार दिवस दवाखान्यात होत्या, त्यातले शेवटचे दोन बोलल्या नाहीत. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही.

त्या वर्षी चैत्रात आमच्याकडे वाळवण झालं नाही. वर्ष सरेपर्यंत घरात पापड-कुरडई घालायची नाही, अशी आमच्या गल्लीतली पद्धत. शेजारच्या काकूंनी त्यांच्यातल्या थोड्या आणून दिल्या. घरात आत्यांच्या हातच्या २०२३मधल्या कुरडयांचा पत्र्याचा डबा अजून होता. मी तो उघडत नव्हते. शेवटी २०२५च्या जानेवारीत वर्षश्राद्धाला उघडला. सात निघाल्या. तळल्या तेव्हा तेलात पडताक्षणी फुलून वर आल्या, पांढऱ्याशुभ्र, काल घातल्यासारख्या. पानात वाढल्या आणि डबा धुऊन पालथा घातला.

आता आखिती येणार होती, ३० एप्रिलला. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखिती म्हणतो. आमच्याकडे पितरांची नवी घागर वर्षश्राद्ध झाल्यावरच्या पहिल्या आखितीला भरतात. म्हणजे यंदा आत्यांची घागर. पानात पुरणपोळी, आमरस, सार, भात, भजी हवी, आणि कुरडई तर हवीच हवी. इतकी वर्षं मामंजींच्या पानातली कुरडई आत्यांच्या हातची असायची. आत्यांच्या पानात कुणाच्या हातची वाढायची? मिस्टर म्हणाले, बचत गटाच्या मिळतात, छान असतात, आणू. असतातही छान. पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला कळलं की त्यांनाही ते नको आहे.

चार किलो लोकवन घेतला. आमच्या शिवारात त्र्यंबक आणि तपोवन हे गहू घरोघर पेरतात. दोन्ही वाण निफाडच्याच केंद्रात तयार झालेले, त्यामुळे त्यांचा आम्हाला अभिमान आहे. आत्या चपातीला तपोवनच वापरायच्या. कुरडईला मात्र लोकवन. "त्याचा चीक पांढरा पडतो," हे त्यांचं मत. गहू निवडला, तीन पाण्यांनी धुतला आणि मोठ्या पातेल्यात भिजत घातला. रोज पाणी बदलायचं. एक दिवस चुकलं तरी चीक काळवंडतो, वास धरतो आणि कुरडईला लालसर झाक येते. पाणी बदलताना हात घालून गहू खालीवर करायचा, कारण तळाचा दाणा आधी आंबतो.

चौथ्या दिवशी सकाळी दाणा चिमटीत दाबून पाहिला. टरफलातून पांढरं दूध बाहेर आलं. आत्या याला "गव्हाला पान्हा फुटला" म्हणायच्या. पूर्वी हा गहू पाट्यावर वाटायच्या. आता गावात ओला गहू भरडून देणारं यंत्र आहे, अर्ध्या तासात काम होतं. यंत्र आलं तेव्हा मला वाटलं होतं आत्या नाक मुरडतील. त्या तर रांगेत पहिल्या. "पाट्यानं माझी कंबर गेली, तुझी कशाला घालवू?" असं म्हणून त्यांनी पाटा उचलून परसात कपडे धुवायला टाकला.

भरडलेला गहू पाण्यात कालवून दोन्ही हातांनी पिळायचा. चीक पाण्यात उतरतो, चोथा हातात राहतो. तो चोथा पुन्हा पाण्यात टाकायचा, पुन्हा पिळायचा. असं तीनदा. चोथ्याच्या, तिखट आणि तीळ घालून, भुसवड्या होतात, उरलेला गाईला. मग सगळा चीक वस्त्रगाळ करायचा.

हे वस्त्र शोधायला मी आत्यांची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मामंजींचं मलमलचं धोतर होतं. दरवर्षी चीक गाळून झाला की आत्या ते स्वतः धुवायच्या, सावलीत वाळवायच्या आणि पुन्हा ट्रंकेत ठेवायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. वर्षातून एकदा त्या धोतराला पाणी लागायचं. मला आधी वाटायचं की जुनं मऊ कापड चीक गाळायला चांगलं म्हणून जपतात. बऱ्याच वर्षांनी उमगलं की चीक गाळणं हे निमित्त होतं. मी ते धोतर पातेल्यावर बांधलं तेव्हा गाठ मारताना हात सैल पडले, मिस्टरांनी दुसरं टोक धरलं. त्यांच्या वडिलांचं धोतर आणि आईचं काम. आम्ही काही बोललो नाही.

गाळलेला चीक रात्रभर ठेवायचा. पातेल्याला धक्का लागता कामा नये. सकाळपर्यंत गव्हाचं सत्त्व तळाशी बसतं, घट्ट, चुन्यासारखं, आणि वर पिवळसर निवळ येते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एका वर्षी सहावीच्या वर्गाला स्टार्च शिकवत होते, म्हणून शाळेतली आयोडीनची बाटली घरी आणली आणि आत्यांना दाखवायला चमचाभर चिकावर थेंब टाकला. चीक निळा-जांभळा झाला. आत्या मागे सरकल्या. मी समजावून सांगितलं, हे पिष्ट आहे, बटाट्यात असतं, तांदळात असतं, पिष्ट असलं की रंग असाच बदलतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "म्हणजे हे औषध खरं बोलतं. पण माझ्या चिकावर पुन्हा संशय घेऊ नको." दुसऱ्या दिवशी मात्र गल्लीतल्या चार बायांना घेऊन आल्या. "दाखव गं ते निळं," म्हणाल्या. आमची सूनबाई मास्तरीण आहे, हे सांगायची ती त्यांची पद्धत होती.

त्या स्वतः शाळेत गेल्या नव्हत्या. सही करायला साक्षरता अभियानात शिकल्या. आकडे मोजायची त्यांची रीत वेगळी. जिन्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायच्या, दहा कुरडयांना एक रेघ. त्या भिंतीवर पाऊस येत नाही, म्हणून रेघा तशाच राहतात. दोन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा रंगारी ती भिंत घासायला निघाला होता. मिस्टर त्याला म्हणाले, एवढा तुकडा सोड. तिथं २०२३च्या बावीस रेघा आहेत.

सकाळी निवळ काढली. पातेलं हळूहळू कलवायचं, शेवटी शेवटी वाटीनं उपसायचं. आता खरं काम. तळाचा घट्ट चीक ढवळून सारखा करायचा, पातेल्यानं मापायचा आणि त्याच पातेल्यानं तेवढंच पाणी चुलीवर ठेवायचं. एकास एक, हे कुणीही सांगेल. पण आत्या चीक बोटांवरून ओघळू देऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "आज वाटीभर जास्त," किंवा "आज तांब्यातलं अर्धं काढ." हे माप मी कधी शिकले नाही. त्या असताना शिकायची गरजच वाटली नाही.

२००३ साली, माझ्या पहिल्या चैत्रात, चीक शिजवायचं काम मी मागून घेतलं होतं. आत्या गच्चीवर अंथरूण करत होत्या. गल्लीतल्या बाया सोऱ्ये घेऊन आलेल्या. आमच्याकडे आज तुमचं, उद्या आमचं असं असतं. पाण्याला उकळी आली, मी चीक एकदम ओतला. धार धरायची असते आणि दुसऱ्या हातानं चाटू फिरता ठेवायचा असतो, हे मी बघितलं होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. क्षणात गुठळ्या झाल्या. मी दाबायला लागले तसतशा त्या वाढल्या. सहा किलो गव्हाचा चीक, चार दिवसांची मेहनत. बाया येऊन पातेल्यात डोकावल्या. एक म्हणाली, मुंबईची सून. तेवढ्यात आत्या खाली आल्या, पातेल्यात बघितलं आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आगं, पाणी मीच कमी काढून ठेवलं होतं. ही काय करंल?" पाणी त्यांनी काढलं नव्हतं. ते मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं, त्या बायांनाही माहीत होतं. गुठळ्यांचा चीक पुरणयंत्रातून काढून त्यांनी त्याच्या सांडग्यांसारख्या बोटभर वड्या घातल्या. त्या वर्षी त्या तळून वाढताना प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या, "ह्या आमच्याकडं नव्या निघाल्यात."

बावीस वर्षांनी, यंदा, त्याच चुलीपुढे मी बसले. थोरली शेजारी होती, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. चीक बोटांवरून ओघळू दिला. दाट वाटला. वाटीभर पाणी जास्त घेतलं, मग वाटलं फार झालं, अर्धी वाटी काढलं. पाण्यात मीठ आणि हिंग. मिठाचंही तसंच, शिजताना खारट लागायला नको, कारण चीक वाळला की मीठ पुढं येतं. खळखळून उकळी आली. थोरलीनं बारीक धार धरली, मी चाटू फिरवत राहिले. दंड भरून आले तरी थांबायचं नाही. पांढरं पाणी दाटत जातं, चाटू जड होतो, मग बुडबुडे फटफट फुटायला लागतात आणि हातावर चटके बसतात. त्या क्षणी झाकण ठेवायचं आणि आच कमी करायची. दोन दणदणीत वाफा आल्या की चिकाला चमक येते, पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक येते. ओलं बोट लावलं, चिकटलं नाही. झाला.

चीक शिजला की पहिली वाटी घरातल्या लहानाची. गरम चीक, त्यावर तूप आणि गूळ. माझी पोरं त्यासाठी भांडायची. पण आत्यांनी मला दिलेली एक वाटी मी विसरू शकत नाही. २००६चं वर्ष. सातव्या महिन्यात माझं बाळ गेलं. फाल्गुन संपत आला होता. मी महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आत्या माझ्या खाटेशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून झोपायच्या. समाचाराला बाया यायच्या, आणि अशा वेळी बाया काय काय बोलून जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आत्या दारातच उभ्या राहायच्या. "झोपलीय ती," म्हणायच्या. मी जागी असायची, डोळे उघडे, आणि दारातून त्यांचा तो आवाज ऐकायची. एकीलाही त्यांनी आत सोडलं नाही. मला त्या "रडू नको" म्हणाल्या नाहीत, "होईल दुसरं" म्हणाल्या नाहीत. त्या वर्षी वाळवण करतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण त्यांनी थोडासा, किलोभर गहू भिजवला. चौथ्या दिवशी चिकाची वाटी घेऊन आल्या, खाटेवर बसल्या आणि चमच्यानं मला भरवली. अर्धी वाटी संपल्यावर म्हणाल्या, "लहानाची वाटी आहे ही. या घरात आज सगळ्यांत लहान तूच." एवढंच. मी उठून बसले ते त्या दिवशी.

यंदाची पहिली वाटी मी थोरलीला दिली. मग गच्चीवर गेलो. चीक गरम असतानाच घालावा लागतो, निवला की सोऱ्या फिरत नाही. लाकडी सोऱ्या आत्यांचाच, मुठीशी गुळगुळीत झालेला. बाजेवर जुनी सुती साडी अंथरली होती. पहिल्या दहा-बारा कुरडयांची वेटोळी नीट बसेनात, कुठं तार तुटली, कुठं टोक लोंबलं. काकू आल्या होत्या, धाकट्या जाऊबाई आल्या होत्या. कुणी काही म्हणालं नाही, सगळ्या खाली बसल्या आणि ज्याचं त्याचं काम सुरू झालं. साडेदहापर्यंत गच्ची भरली. एकशे चौपन्न. चुलीतला कोळसा आणून मी जिन्याच्या भिंतीवर, बावीस रेघांच्या शेजारी, पंधरा रेघा मारल्या आणि चार ठिपके.

दुसऱ्या दिवशी त्या सोडवून उलट्या केल्या, तिसऱ्या दिवशी खडखडीत वाळल्या. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हाला तोड नाही. पण दुपारी अचानक आभाळ भरून आलं की जीव कसा वरखाली होतो, ते ज्यांच्या गच्चीवर वाळवण असतं त्यांनाच कळतं. दोनदा धावत जाऊन साडीची चारी टोकं उचलून खाली आणलं. दोन्ही वेळा चार थेंब पडले आणि ऊन आलं.

तळून बघायची छाती होत नव्हती. आखितीच्या आदल्या रात्री एक तळली. फुलली. आत्यांच्यापेक्षा जराशी पिवळी, थोडी जाड, पण फुलली. मिस्टरांनी मोडून अर्धी खाल्ली, अर्धी हातात धरून दाराशी जाऊन उभे राहिले.

आखितीला मातीची नवी घागर गव्हाच्या राशीवर मांडली. वर खरबूज, दोन आंबे. पान वाढलं. निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकताना नाव घ्यायचं असतं. इतकी वर्षं मामंजींचं नाव आत्यांच्या तोंडून ऐकलं होतं. यंदा मिस्टरांनी दोन्ही नावं घेतली.

नणंदेला एकवीस कुरडया पाठवल्या, पुण्याला. ती आत्यांची धाकटी. लवकर नोकरीला लागली, शहरात गेली, चैत्रात तिला कधी रजा मिळाली नाही, त्यामुळे तिनं कुरडया फक्त खाल्ल्या. आखितीच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. आधी पुष्कळ वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "वहिनी, मीठ एक चिमूट कमी पडलंय."

मी म्हटलं, "हो, मलाही वाटलं."

"आणि पाणी किती घेतलंस?"

मी सांगायला लागले, एकास एक, पण चीक बोटांवरून ओघळू देऊन बघायचा, दाट असेल तर वाटीभर. तिनं मध्येच थांबवलं. म्हणाली, "असं फोनवर कळायचं नाही मला. पुढच्या चैत्रात चार दिवसांची रजा टाकते. गहू मी आल्यावरच भिजव."